वडिलांना कमी ऐकू येतं, दिसतंही कमी. वर्षात तीनदा अ‍ॅडमिट करावं लागलं, याचा त्याच्याशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि चांगलाच असू शकतो. तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे आहेत, इन्सुलिन चालू आहे, हृदयाचं दुखणं जुनं आहे. पहिल्यांदा साखर एकदम उतरली, दुसऱ्यांदा धाप लागली आणि पाय सुजले, तिसऱ्यांदा बाथरूममध्ये पडले. तिन्ही वेळा डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी. मी मेडिकल वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस मला विचारू नका. पण ही तीन कारणं ओळीनं वाचल्यावर चौथा आजार शोधण्याआधी मी त्यांचा चष्मा आणि कान बघितले असते.

आधी साखर. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर २० च्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट असतं. त्या रेघा किती बारीक असतात ते एकदा स्वतः बघा. पेन वापरत असतील तर डायल फिरवताना प्रत्येक युनिटला टक् असा आवाज येतो. आवाज मोजून डोस ठरवू नका असं कंपन्याच सांगतात, तरी अंधुक दिसणारे लोक तो मोजतातच. तुमच्या वडिलांना तोही ऐकू येत नसणार. एरवी डोळा अधू झाला की कान सांभाळून घेतो, कान गेला की माणूस ओठांकडे बघून अंदाज बांधतो. दोन्ही कमी झालं की चूक पकडणारं कुणी उरत नाही.

गोळ्यांचंही तेच. दुकानदार दहाची पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. मग ‘गुलाबी सकाळी, पांढरी रात्री’ असा हिशेब सुरू होतो. पुढच्या महिन्यात कंपनी बदलते, तेच औषध पिवळ्या रंगात येतं, आणि जुनी गुलाबी संपेपर्यंत दोन्ही पोटात जातात.

आता धाप. हृदय कमजोर असलेल्या माणसाला घरी जाताना साधारण सांगतात ते असं: मीठ कमी, लघवीची गोळी चुकवायची नाही, रोज सकाळी वजन, आणि दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं तर लगेच कळवा. हे पाळलं तर पुष्कळदा गोळीत फेरफार करून बाहेरच्या बाहेर भागतं, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. पण हे वाक्य त्यांच्या कानात शिरलं होतं का? उतारवयात कान मंदावतो तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. स, त, ठ, फ ही व्यंजनं पुसट होतात, स्वर राहतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. सात, आठ, साठ त्यांना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यात ओपीडीतला पंखा, बाहेरचा गलका, डॉक्टरांच्या तोंडावर मास्क आणि त्यांची मान कागदात. वडील ‘हो, हो’ म्हणून उठतात. ओरडून बोलल्यानं आवाज वाढतो, व्यंजनं काही परत येत नाहीत. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर फरक पडतो. वजनकाट्यावरचा आकडा त्यांना वाचता येतो का, तेही तपासा.

थोडं खटकेल असं लिहिते. ओपीडीत वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा मुलगा किंवा सून देते. मग डॉक्टरही मुलाशीच बोलू लागतात. मुलाला सगळं समजतं, तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला किंवा मुंबईला परततो, आणि रात्री आठची गोळी घ्यायची असते ती वडिलांनी. असे पेशंट महिन्याभरात परत आलेले मी खूप पाहिलेत.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या नोंदींवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐकू कमी येतं पण उपचार घेतलेले नाहीत अशा लोकांचे दहा वर्षांत सुमारे ५० टक्के जास्त वेळा हॉस्पिटलात मुक्काम झाले, आणि घरी गेल्यावर ३० दिवसांच्या आत पुन्हा भरती होण्याचा धोका ४४ टक्के जास्त निघाला. कान हेच कारण, असं अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. पण डिस्चार्जनंतरच्या त्या ३० दिवसांचा आकडा वाचून मला नवल वाटलं नाही.

पडण्याबद्दल पुरावा जास्त पक्का आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाच्या पहिल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला नेहमीसारखं थांबावं लागलं. लवकर झालेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी भरलं, हाडं मोडण्याचंही घटलं. हे २००५ सालचं. तरी आपल्याकडे अजून ‘पिकू दे, मग काढू’ चालूच आहे. हल्लीच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकलेला काढायलाच अवघड जातो.

चष्म्याचं मात्र जपून करा. सिडनीत वयस्कर लोकांचे डोळे तपासून नवे चष्मे दिले, तर पडण्याचं प्रमाण वाढलं (२००७). नंबर एकदम बराच बदलला की पायरी आहे तिथे दिसत नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण. तेव्हा नंबर थोडा थोडा बदलता येईल का ते विचारा, आणि नवा चष्मा आला की पहिले काही दिवस जिन्यावर कुणीतरी सोबत असू द्या. वरून लांबचं, खालून जवळचं अशा चष्म्यातून जिना उतरताना पायरी खालच्या भिंगात येते आणि धूसर होते. बाहेर फिरणारे असतील तर चालण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा. आणि साखर वरखाली होत असताना नंबर काढू नका. साखरेबरोबर नंबरही हलतो, पैसे वाया जातात.

हॉस्पिटलात काय होतं तेही सांगते, कारण मुक्काम लांबण्याचं मूळ पुष्कळदा तिथंच असतं. भरती झाली की नातेवाईक चष्मा आणि कानाचं मशीन घरी घेऊन जातात, ‘हरवेल’ म्हणून. रात्री वॉर्डातले दिवे मंद, माणसं अनोळखी, बोललेलं कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा सलाईन ओढून काढतात, कॉटवरून उतरायला बघतात, आणि सगळे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. मग झोपेचं इंजेक्शन, हात बांधणं, लघवीची नळी, नळीचा संसर्ग. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात चष्मा, ऐकण्याची सोय, कानातला मळ काढणं, रात्रीची शांत झोप, चालवणं, पुरेसं पाणी, माणसाला वेळ-काळाचं भान देत राहणं, एवढ्याच गोष्टी नेमानं केल्या. असा भ्रम होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. तेव्हा पुढच्या वेळी चष्मा आणि मशीन नाव घातलेल्या डबीत बरोबर ठेवा, आणि केसपेपरवर ठळक लिहायला लावा: ‘कमी ऐकू येतं, समोरून बोला.’ ड्यूटी बदलते, तोंडी निरोप पुढच्या सिस्टरपर्यंत पोचेलच असं नाही.

डिस्चार्जच्या वेळी बिलाची गडबड असते, कार्ड इंग्रजीत असतं. ‘समजलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘उद्या सकाळी उठल्यावर काय काय घेणार ते सांगा बघू’ असं विचारा. चुकलं तर तिथेच सिस्टरला थांबवा. घरी मोठ्या कागदावर काळ्या जाड पेननं, मराठीत, वेळेप्रमाणे लिहून भिंतीवर लावा.

पैशाचं विचारलंय. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कवच आहे, पण ते भरती झाल्यावर. कानाचं मशीन त्यातून मिळत नाही. पडून खुबा मोडला तर सरकार पैसे देणार, पडू नये म्हणून लागणाऱ्या वस्तूला नाही. हे मला कधी पटलं नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) गरीब घरातल्या साठीपुढच्यांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी शिबिरातून मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढे, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदा ३००० रुपये. तेवढ्यात चष्मा होईल, बरं डिजिटल मशीन होणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं.

मशीन घेण्याआधी ईएनटीकडून कानातला मळ तपासून घ्या. कधी कधी तेवढ्यानंच काम होतं. मग श्रवणचाचणी. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. मशीन लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि माणसं ते कपाटात टाकतात. रोज थोडा थोडा वेळ वाढवा, आणि सेटिंग बदलून घ्यायला दोन-तीनदा जावं लागेल हे धरूनच चाला.

हे सगळं हळूहळू कमी झालेल्या नजरेचं आणि कानाचं. एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला, किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं, काळे ठिपके आणि चमका एकदम वाढल्या, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.