ओरिगामीतले प्राणी ताठ उभे राहावेत म्हणून

कागदाच्या घड्यांनी केलेल्या तुमच्या हत्तीचे पाय उभं करताच फाकतात म्हणता, त्यात घड्यांचा दोष नाही. कागदाला आतून ताठ ठेवणारी खळच नाही. फेव्हिकॉल पातळ करून लावू नका. तो वाळला की पाण्यात पुन्हा सहज विरघळत नाही आणि कागदाला प्लॅस्टिकसारखी चकाकी येते. वरून वार्निश मारणं तर मला मुळीच पटत नाही, रंग काळवंडतो.

खळीसाठी मिथाइल सेल्युलोज आणा, म्हणजे पाण्यात कालवून चिकट खळ होणारी भुकटी. याची गंमत अशी की ते गार पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात नाही. पण भुकटी थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून सपाट चमचाभर भुकटी आधी पाव कप कढत पाण्यात नीट ढवळा, मग पाऊण कप गार पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पारदर्शक, घट्टसर खळ मिळेल. कागद काचेवर पसरून रुंद ब्रशने मधून कडांकडे लावा. पूर्ण वाळल्यावरच सोडवा. रंग सुटतो का, ते आधी कोपऱ्यावर पाहा.

आता घडी घालताना कागद ओल्या फडक्याने जेमतेम दमट करा. खळ जागी होते, हवा तो बाक देता येतो आणि वाळली की तो बाक तसाच राहतो. जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केलेली ओली घडी याच तत्त्वावर चालते. वाळेपर्यंत पायांना चिमटे लावून ठेवा; कोकणातल्या पावसाळ्यात जरा जास्तच वेळ. साध्या पातळ ओरिगामी कागदापेक्षा जाडसर ड्रॉइंग पेपरवर सुरुवात करा, तो ओल सहन करतो.