उपास, उपवास आणि उपासना : दिसायला भावंडे, घराणी वेगळी

प्रश्न असा आला आहे : “मंडळीच्या (चर्चच्या) सूचनाफलकावर कधी ‘उपवास प्रार्थना’ लिहितात, कधी ‘उपास व प्रार्थना’. बायबलात मी ‘उपास’ वाचला आहे. उपास हे अशुद्ध रूप आहे का? रविवारच्या भक्तीला आपण ‘उपासना’ म्हणतो, तिचा आणि उपासाचा धातू एकच का? उपवास म्हणजे ‘देवाजवळ वास’ असे प्रवचनांत ऐकतो, तो अर्थ बायबलच्या मूळ भाषांतही आहे का? आणि प्रार्थना-उपासाला ‘आध्यात्मिक शिस्त’ म्हटलेले कानाला खटकते. दुसरा शब्द सुचवा.”

पहिल्या प्रश्नाला फार वेळ नको. उपास अजिबात अशुद्ध नाही. संस्कृत ‘उपवास’ बोलता बोलता झिजला आणि मराठीत ‘उपास’ झाला, ‘दिवसा’चा ‘दीस’ झाला तसा. उपाशी, उपासमार, उपासतापास ही सगळी मंडळी या झिजलेल्या रूपावरच पोसलेली आहेत. शुद्धतेच्या हट्टाने कोणी ‘उपवासमार’ म्हणून पाहावे!

दोन रूपांच्या छटेत मात्र थोडा फरक पडला आहे. उपवास आपण करतो किंवा धरतो. उपास करतो, धरतो, शिवाय तो घडतो आणि पडतोही. गाडी चुकली, वाटेत काही मिळाले नाही, तर ‘उपास घडला’ म्हणतात. तिथे उपवास हा शब्द जरा सोवळा वाटतो. प्रचलित मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘उपास’ निवडला तो केवळ बोलीतला म्हणून की आणखी काही विचाराने, ते काही असो, पण निवड फार नेमकी साधली आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये उपासाला ‘नेस्तेइया’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे न आणि पुढे खाणे या अर्थाचा धातू. सरळ ‘न खाणे’. त्याच घरातले विशेषण ‘नेस्तिस’. मत्तयाच्या 15व्या अध्यायात तीन दिवस आपल्याबरोबर राहिलेल्या लोकांना असेच घरी पाठवायला येशू तयार नाही, वाटेत ते कासावीस होतील म्हणतो. तिथे ग्रीकमध्ये हाच ‘नेस्तिस’ बहुवचनात आहे. आपला ‘उपाशी’! त्या लोकांनी काही व्रत धरले नव्हते, त्यांच्याजवळचे संपले होते. प्रेषित पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (11:27) आपल्या हालअपेष्टा मोजतो, त्यात तहान-भुकेच्या जोडीला ‘नेस्तेइया’ही येतो, आणि हे उपास त्याने धरले होते की त्याला पडले होते यावर अभ्यासकांत दुमत आहे. ‘उपास’ लिहिला की मराठीतही ती संदिग्धता जशीच्या तशी राहते. ‘उपवास’ लिहिला की निकाल आपणच लावून टाकतो.

आता उपासना. हिचा उपासाशी काडीचा संबंध नाही, फक्त ‘उप’ हा उपसर्ग समान. उपवासात ‘वस्’ धातू आहे, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. उपासनेत ‘आस्’ आहे, म्हणजे बसणे. आसन त्यातूनच आले. उपवासातला ‘व’ गळाला आणि उरलेला शब्द उपासनेसारखा दिसू लागला, एवढीच गंमत. ‘उपासाशिवाय उपासना नाही’ हे वाक्य कानाला छान लागते, पण ते यमक आहे, व्युत्पत्ती नव्हे.

‘देवाजवळ वास’ ही फोड व्याकरणाला धरून आहे. उप म्हणजे जवळ, वस् म्हणजे राहणे. पण कोण कोणाजवळ राहतो? शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सुरुवातीलाच याचा खुलासा आहे. यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी येऊन मुक्काम करतात, म्हणून त्या दिवसाला ‘उपवसथ’ म्हणायचे. आणि पाहुणे जेवण्याआधी यजमानाने जेवणे बरे नव्हे, म्हणून त्याने खायचे नाही. (बौद्धांच्या व्रतदिवसाचे पाली नाव ‘उपोसथ’ ते हेच.) म्हणजे या खुलाशाप्रमाणे माणूस देवाजवळ राहायला जात नाही, देव माणसाकडे उतरतात, आणि न खाणे हा मूळ अर्थ नसून पाहुणचाराची रीत आहे. मला ही कल्पना प्रवचनातल्या अर्थापेक्षा जास्त आवडते, पण ते माझे मत झाले.

बायबलच्या मूळ भाषांत यातले काहीही नाही. ग्रीक शब्द वर पाहिला. हिब्रूत ‘त्सोम’ आहे, अरबीतल्या ‘सौम’चा सख्खा भाऊ, आणि त्यातही खाण्यापिण्याला फाटा देण्यापलीकडे काही नाही. हिब्रूत आणखी एक जुना वाक्प्रचार आहे : ‘नेफेश’ला पीडणे. प्रायश्चित्ताच्या दिवसाची आज्ञा देताना लेवीय 16:29 मध्ये तोच वापरला आहे, आणि स्तोत्र 35 मध्ये दावीद राजा ‘मी उपासाने माझी नेफेश पीडली’ अशा अर्थाचे बोलतो. नेफेश म्हणजे जीव, पण तिचा अर्थ घसा असाही होतो. भूक लागते तिथलीच जागा ती. यातही जवळीक नाही, वास नाही. नुसता रिकामेपणा आहे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. मराठी ‘उपवास’ या शब्दाच्या पोटातच देव बसलेला आहे, निदान व्युत्पत्तीत तरी. हिब्रू-ग्रीक शब्दांच्या पोटात कोणीच नाही. तिथे देवाचे नाव काढायचे काम शेजारच्या शब्दाला करावे लागते. म्हणून बायबलात उपास-प्रार्थना ही जोडी इतक्यांदा भेटते : लूकच्या 2ऱ्या अध्यायातली म्हातारी हन्ना रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करते, नहेम्या यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी ऐकून खाली बसतो, रडतो, उपास करतो आणि प्रार्थना करतो, एज्रा अहवा नदीच्या काठी उपास जाहीर करतो तो वाटचाल सुखरूप व्हावी हे मागण्यासाठी. नुसता उपास सांगितला की वाचणाऱ्याला अर्धेच ऐकल्यासारखे होते.

आणि हे मी हवेत बोलत नाही, हस्तलिखितांत त्याचे पुरावे आहेत. मार्क 9:29 मध्ये, शिष्यांना भूत का काढता आले नाही हे सांगताना, येशू म्हणतो की ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही. ‘आणि उपास’ हे शब्द बहुतेक हस्तलिखितांत आहेत, पण चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या दोन जुन्या प्रतींच्या मूळ लेखनात नाहीत. मत्तयातले त्याच अर्थाचे वचन (17:21) तर त्या दोन्हींत मुळातच नाही. तुमच्या प्रतीत ते कंसात किंवा तळटीपेत असेल, तर कारण हे. प्रेषितांची कृत्ये 10:30 आणि 1 करिंथ 7:5 इथेही तीच कथा. जुन्या प्रतींत नुसती प्रार्थना, नंतरच्यांत उपासही. नकल करणाऱ्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. ‘दूध’ लिहिताना हात आपोआप ‘दुभते’कडे वळावा तसे झाले असणार, जोडी इतकी अंगवळणी पडली होती.

उलट्या दिशेचे उदाहरण एस्तेरच्या पुस्तकात आहे. राजासमोर न बोलावता जाण्याआधी राणी एस्तेर निरोप पाठवते : माझ्यासाठी तीन दिवस, तीन रात्री काही खाऊपिऊ नका. प्रार्थनेचा शब्द नाही. हिब्रू एस्तेरमध्ये देवाचे नावही कुठे येत नाही. पुढे ग्रीक भाषांतरात भर पडली, तेव्हा नेमक्या या प्रसंगानंतर मर्दखयाची आणि एस्तेरची अशा दोन लांब प्रार्थना घातल्या गेल्या. जिथे प्रार्थना एकटी होती तिथे उपास आला, जिथे उपास एकटा होता तिथे प्रार्थना आली.

आता फलकावरची ‘उपवास प्रार्थना’. हा समास दोन तऱ्हांनी सुटतो. ‘उपवास आणि प्रार्थना’ असा द्वंद्व, किंवा ‘उपवासातली प्रार्थना’ असा तत्पुरुष. ‘शुक्रवारी उपवास प्रार्थना आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा तत्पुरुष असतो. एका सभेचे ते नाव असते, जेवून आलात तर चुकल्यासारखे वाटेल अशी. गंमत म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांत दोन्ही रचना भेटतात. 13:3 मध्ये अंत्युखियातले लोक बर्णबा व शौल यांना पाठवतात ते ‘उपास करून आणि प्रार्थना करून’, दोन क्रियापदे शेजारी-शेजारी. 14:23 मध्ये मंडळ्यांसाठी वडील नेमताना ‘उपासांसह प्रार्थना करून’, म्हणजे प्रार्थना मुख्य आणि उपास तिच्या सोबतीला. तेव्हा दोन्ही बरोबर. फक्त द्वंद्व म्हणायचा असेल तर मध्ये जोडरेघ द्या किंवा ‘व’ लिहा, आणि तत्पुरुष म्हणायचा असेल तर ‘उपवासप्रार्थना’ सलग लिहा. सुटे दोन शब्द कुठल्याच अर्थाचे नाहीत.

कोणी ‘उपोषण’ सुचवील म्हणून आधीच सांगतो : नको. व्युत्पत्तीने तो परका नाही. त्याच ‘वस्’ धातूचे ‘उष्’ होते, आणि उप + उष् मधून उपोषित, उपोषण ही रूपे येतात. पण आजच्या मराठीत उपोषण हे मागणी मान्य होईपर्यंतचे असते. त्याला मंडप लागतो, मागण्यांचे पत्रक लागते, शेवटी कोणीतरी रस पाजायला यावे लागते. त्यात प्रार्थना या शब्दाचाही मूळ अर्थ मागणे, विनवणे हाच. ‘प्रार्थना आणि उपोषण’ असे म्हटले की देवाच्या दारात धरणे धरल्याचे चित्र उभे राहते. ख्रिस्ती शिकवण नेमके ते नाकारते, आणि दाखला म्हणून दावीदच पुरेसा आहे. 2 शमुवेलच्या 12व्या अध्यायात त्याचे मूल आजारी पडते. तो जेवण सोडून जमिनीवर पडून राहतो, देवाला विनवतो. सातव्या दिवशी मूल दगावते. सेवकांना वाटते, आता हा जिवाचे काही बरेवाईट करील. दावीद उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या घरी जाऊन दंडवत घालतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. मागणी फेटाळली गेल्यावरही उपास शांतपणे सोडणारा हा माणूस उपोषणकर्ता नव्हे.

इथे क्रियापदाचाही लोभ आवरत नाही. मराठीत उपास सोडतात आणि उपास मोडतातही. सोडला म्हणजे ठरल्या वेळी पूर्ण केला, मोडला म्हणजे मध्येच हार खाल्ली. इंग्रजीत दोन्हीला तोडणेच म्हणतात, सकाळच्या न्याहारीच्या नावातही तेच तोडणे आहे. त्यामुळे इंग्रजी भक्तिपुस्तके मराठीत आणणारे काही जण दावीदाला उपास ‘मोडायला’ लावतात. त्याने सोडला.

हल्ली ‘मोबाइलचा उपास’, ‘सोशल मीडियाचा उपास’ असेही ऐकू येते. भावना पोचते, पण शब्दाचा अर्थच न खाणे असल्यामुळे माझे मन घेत नाही. त्यासाठी ‘वर्ज्य’ आहे की! कॅथलिक नियमांत हा भेद नीट राखला आहे. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपासही असतो आणि मांस वर्ज्यही असते. उपास म्हणजे दिवसात एकच पुरते जेवण, वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू. एकाच दिवशी दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे शब्द. तेव्हा मोबाइल वर्ज्य करा, उपास पोटाचा राहू द्या.

मत्तय 6 विषयी तुम्ही विचारले नाही, पण फलकाचा विषय निघाला आहे म्हणून. तिथे येशू उपास लोकांना न दाखवता करायला सांगतो, आणि सांगताना ‘उपास केलात तर’ म्हणत नाही, ‘करता तेव्हा’ म्हणतो. मराठीत तर-तेव्हाचा हा फरक स्वच्छ उतरतो. जे उतरत नाही ते ग्रीकमधले शब्दखेळ : ढोंगी लोक आपली तोंडे ‘अफानिझुसिन’, दिसेनाशी करतात, कशासाठी तर ‘फानोसिन’, दिसावे म्हणून. तोंड लपवायचे आणि मिरवायचे एकाच धातूत! मग उपासाची सूचना फलकावर लावणे कितपत योग्य, असा चावटपणा कोणी केला तर योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाकडे बोट दाखवा. तिथे शिंग फुंकून सर्वांचा उपास ठरवायला सांगितले आहे. एकट्याचा उपास झाकायचा असतो, सगळ्यांचा जाहीर करावाच लागतो.

राहिली ‘आध्यात्मिक शिस्त’. तुमचा कान बरोबर आहे. शिस्त म्हटले की रांग, शिट्टी आणि छडी आठवते. ती बाहेरून लावली जाते. ‘साधना’ चालेल, पण त्यात सिद्धीची अपेक्षा दडलेली असते, आणि दावीदाची गोष्ट वाचल्यावर ती अडचणीची वाटते. ‘व्रत’ ठरावीक दिवसांचे असते, त्याची सांगता होते. प्रचलित मराठी बायबलात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीविषयी ‘कसरत’ करायला सांगतो. ग्रीकमध्ये तिथे खरोखरच आखाड्यातला शब्द आहे, त्यामुळे भाषांतर धीट आणि अचूक आहे. तरी ‘आध्यात्मिक कसरत’ म्हटले की आज तारेवरची आठवते. मी असतो तर ‘नेम’ म्हटले असते. नियमाचाच झिजलेला, उपासासारखाच घरात वावरणारा शब्द. रोजचा नेम असतो, नेम चुकतो, पुन्हा धरता येतो. आणि बंदूकवालाही नेमच धरतो.