फिनलंडच्या जंगलातल्या तळ्यात पाइक गळाला लागेल का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये मुलाकडे फिनलंडला येताय, आठवडाभरासाठी जंगलातल्या तळ्याकाठचं लाकडी घर घेतलंय, आणि लहानपणी खाडीवर गरवायची सवय आहे. तर पाइक, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मिळेल का, परवाना लागतो का, खायला कसा लागतो?

मिळेल. मी आठ उन्हाळे इथल्या तांपेरे शहराच्या आसपासच्या तळ्यांवर जातोय, आणि मूळचा रत्नागिरीकडचाच आहे, त्यामुळे तुमची पहिली चूक कोणती होणार हे मला आत्ताच दिसतंय. तुम्ही लांब फेकणार. मीही तेच केलं होतं. खाडीत जेवढं लांब तेवढं चांगलं असं डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्या संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून दोन तास तळ्याच्या मध्यावर स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, भिरकावत होतो. काही नाही. कंटाळून शेवटचा स्पून पाण्यातून उचलला, तो पायाखालच्या फळीपासून हातभर अंतरावर पाणी फुटलं. हिरवट पिवळे ठिपके दिसले, बदकाच्या चोचीसारखं तोंड दिसलं, आणि तंगूस (गळाची दोरी) हलकं झालं. स्पून गेला. तो मासा बहुधा दोन तास माझ्या पायाशीच उभा होता.

पाइक, म्हणजे इथला ‘हाउकी’, शिकारीमागे भटकत नाही. गावच्या तळ्यात मरळ पाहिली असेल तर तोच स्वभाव समजा: गवतात दबा धरायचा आणि जवळ आलेल्यावर झडप घालायची. याचा पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ असतो, त्यामुळे उभ्या जागेवरून बेचकीतून सुटल्यासारखा सुटतो. लांब पाठलाग मात्र त्याला झेपत नाही.

जंगलातल्या तळ्यात काठ धरायचं आणखी एक कारण आहे. इथलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं, दलदलीतून आणि पानापाचोळ्यातून उतरलेलं. गढूळ नव्हे, ओंजळीत घेतलं तर स्वच्छ दिसतं. असं गडद पाणी उन्हाची ऊब वरच्या थरातच शोषून घेतं. खाली थंड, काळोखं, आणि उन्हाळा संपत आला की तिथे प्राणवायूही कमी. म्हणजे लहान तळ्यात ऑगस्टमध्ये सगळी वर्दळ वरच्या काही मीटरांतच. पाणकमळांची कड, लव्हाळ्याची भिंत, पाण्यात आडवं पडलेलं पाइनचं खोड, या तीन ठिकाणी समांतर फेका. कमळांच्या आत नाही, कडेनं. आणि स्पून काठाशी आला की लगेच उचलू नका, रॉडच्या टोकानं एकदा इंग्रजी आठचा आकडा काढा. निम्मे मासे मला तिथेच लागलेत.

स्पून तांब्याच्या किंवा नारिंगी रंगाचा घ्या. तपकिरी पाण्यात निळा-चंदेरी रंग मरून जातो. १५ ते २० ग्रॅमचा पुरे. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा माशासारखा वॉब्लरही चालतो. जखमी माशासारखं लडबडत पोहणारं हे आमिष लाउरी रापाला नावाच्या इथल्याच एका कोळ्यानं १९३६ साली बुचातून कोरलं होतं, आज ते जगभर विकलं जातं. पण वीस युरोचा वॉब्लर बुडालेल्या खोडात अडकला की जे वाटतं ते मी इथे लिहू शकत नाही. नवख्यानं स्पूनच वापरावा.

आमिषाच्या आधी वीतभर, जमलं तर त्याहून लांब, पोलादी तार हवीच. माझा स्पून गेला तो तार नव्हती म्हणून. त्याचे दात वस्तऱ्यासारखे असतात, शिवाय टाळूवर मागे वळलेल्या बारीक दातांच्या रांगा. खरी परीक्षा मासा हातात आल्यावर असते. लांब नाकाची पक्कड घरून घेऊन निघा, गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच पक्कडीनं दाबून टाका. खालच्या ओठाला बोट लावू नका. हात ओला करून कल्ल्याच्या झाकणाखाली बोटं सरकवायची, लाल कल्ल्यांना न लावता, आणि जबडा उघडला की गळ सोडवायचा. मी एकदा घाई केली, अंगठ्यावर अजून तीन पांढऱ्या रेघा आहेत. सोडून द्यायचा असेल तर लवकर सोडा, कोमट पाण्यात तो पटकन दमतो.

परवान्याचं सोपं आहे. रीळ नसलेली काठी, गळ आणि गांडूळ एवढ्यावर बहुतेक तळ्यांत कुणालाही फुकट गरवता येतं, पाहुण्यांनाही. रीळ आणि स्पून आला की १८ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला मत्स्यव्यवस्थापनाचं सरकारी शुल्क भरावं लागतं. एक दिवसाचं, सात दिवसांचं किंवा वर्षाचं, ऑनलाइन भरता येतं. पासष्टी झाली की पूर्वी माफ होतं; २०२४पासून सत्तरी गाठावी लागते. काही तळ्यांवर वेगळी बंदी असते, ती घरमालकाला विचारा. होडी बहुतेक घरासोबतच मिळते, लाइफ जॅकेट घालूनच बसा. आणि डासांचं मलम. आपले डास यांच्यापुढे सभ्य आहेत.

आता खाण्याचं. मांस पांढरं, घट्ट, कमी तेलाचं. वास येतो तो अंगावरच्या बुळबुळीचा, तेव्हा मीठ चोळून धुवा किंवा सरळ कातडं काढा. काटे मात्र इंग्रजी वायच्या आकाराचे, मांसात रुतलेले. भिंग खाऊन वाढलेल्या माणसाला ते जड जाणार नाहीत, नातवंडांना जातील. कच्चा-अर्धा नको, त्यात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. नीट शिजवला की प्रश्न मिटला. एक गोष्ट मात्र गंभीर: पाइकमध्ये पारा साठतो, मोठ्या माशात आणि अशा तपकिरी तळ्यांत जास्त. इथल्या अन्न प्राधिकरणाचा सल्ला असा की मुलं आणि मूल होण्याच्या वयातली माणसं यांनी महिन्यातून एकदोनदाच खावा, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अजिबात नाही. म्हणून किलो-दीड किलोचा ठेवायचा, म्हातारा सोडून द्यायचा.

काट्यांवर इथल्या लोकांनी काढलेला तोडगा आपल्याला चांगला जमतो: मांस बारीक वाटून टिक्क्या. मी त्यात आलं, मिरची, कोथिंबीर घालतो, वरून रवा लावून तव्यावर. काटे दोनदा वाटले की जाणवत नाहीत. त्या घरात मिक्सर आहे का ते मुलाला आधीच विचारायला सांगा, नाहीतर सुरीनं चिरत बसावं लागेल.