हौसेने बनवलेल्या हार्डवेअरचं डिझाईन ओपन सोर्स करावं का? केलं तर कोणतं लायसन्स लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी सांभाळून तुम्ही डिजिटल तानपुऱ्याची छोटी पेटी बनवता. आत ईएसपी३२ (कोड चालवणारी छोटी चिप), डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी एक डॅक चिप, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि तानपुऱ्याची रेकॉर्डिंग्ज. महिन्याला दहा-बारा पेट्या ओळखीच्या गाण्याच्या क्लासेसमध्ये जातात. आता सर्किट आणि कोड नेटवर टाकायचा आहे, पण उद्या कुणी त्याच पेट्या निम्म्या किमतीला विकल्या तर, ही धास्ती. म्हणून 'नॉन-कमर्शियल' लायसन्स, म्हणजे वापरा पण विकू नका, असं लावू का, असं विचारताय.

लावू नका. का ते सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका.

मी पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर बनवतो. हाही हौसेतूनच सुरू झालेला उद्योग. आमच्या सोसायटीची टाकी रोज पहाटे भरून वाहायची, त्यावर वैतागून पहिला बोर्ड बनवला. पंचवीसेक विकल्यावर उत्साहाच्या भरात बोर्डाच्या सगळ्या फाइल्स क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए लायसन्सखाली खुल्या केल्या. म्हणजे वापरा, विका, फक्त माझं नाव द्या आणि काही बदललंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. बोर्डाच्या कोपऱ्यात कौतुकाने माझं नाव आणि मोबाइल नंबर छापला होता.

दीडेक वर्षाने एका रविवारी सकाळी फोन आला. "तुमच्या कंट्रोलरची रिले चिकटली, मोटर रात्रभर चालू होती, वॉरंटीत बदलून द्या." माणूस अनोळखी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला तर बोर्ड हुबेहूब माझा. 'सेन्सर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये माझ्याकडून दोन अक्षरं उलटसुलट झाली होती, तीही तशीच. रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, मात्र कुठलीतरी बिननावाची, हलकी. कुणीतरी माझी गर्बर फाइल (बोर्ड छापायला लागणारं चित्र) उचलून जशीच्या तशी छापायला दिली होती, नंबरासकट.

माल ज्या दुकानातून गेला होता तिथे तावातावाने गेलो. मालकाने चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, फाइल नेटवर फुकट होती. आणि तुमचं नाव आम्ही काढलं का? नाही ना?"

यावर काय बोलणार! मी घातलेली मुख्य अट त्याने पाळली होती आणि तीच माझ्या मुळावर आली होती. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत अशी सोय आहे, की मूळ मालकाने सांगितलं तर शक्य तिथे त्याचं नाव काढून टाकावं लागतं. हे मला घरी येऊन लायसन्स पहिल्यांदा पूर्ण वाचल्यावर कळलं. पुढच्या लॉटमध्ये त्याने नंबर काढला. रिले तीच ठेवली.

आता तुमच्या पेटीकडे वळू. तुम्हाला ती एक वस्तू दिसते, पण कायद्याला तिच्यात सर्किट, कोड, आवाज आणि नाव अशा वेगवेगळ्या वस्तू दिसतात. एकच लायसन्स सगळ्यांवर थापायला गेलात तर कुठेच नीट बसत नाही.

सर्किटपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. लायसन्स उभं राहतं कॉपीराइटवर आणि कॉपीराइट असतो तो चित्राला, म्हणजे स्कीमॅटिक (जोडणीचा नकाशा) आणि लेआउट (बोर्डावरची मांडणी) यांच्या रेखाटनाला. त्यावरून बनणाऱ्या वस्तूला तो जेमतेम पोचतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक अपवाद आला. तांत्रिक रेखाचित्रावरून एखाद्या उपयोगाच्या उपकरणाचा निव्वळ कामाचा भाग बनवला तर ते उल्लंघन धरलं जात नाही. त्याआधीच्या कलम १५ मध्ये आणखी एक मेख आहे. डिझाईन म्हणून नोंदवता येण्यासारखी रचना नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिचे पन्नासपेक्षा जास्त नग निघाले, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. कल्पना राखायची तर पेटंट लागतं आणि चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, दाखवलंय तसं डॅकला अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यात पेटंट घेण्यासारखं काही नसतं. माझ्या बोर्डातही नव्हतं. तेव्हा सर्किटवर कडक लायसन्स लावणं म्हणजे सातबारा आपल्या नावावर नसलेल्या जमिनीला कुंपण घालणं. माझं प्रकरण कोर्टात गेलं असतं तर मी बहुधा तोंडावर आपटलो असतो.

मग लायसन्स लावायचंच कशाला? तर जी माणसं प्रामाणिक आहेत त्यांना तुमची इच्छा कळावी म्हणून. ज्याला चोरायचंच आहे तो लायसन्सची फाइल उघडतही नाही. 'नॉन-कमर्शियल'चा घोळ इथेच होतो. समजा मिरजेच्या एखाद्या तानपुरेवाल्याला तुमची पेटी आवडली आणि त्याला शिकणाऱ्या पोरांसाठी पाच-सात बनवून लागत खर्च अधिक शंभर रुपयांना द्यायच्या आहेत. तो लायसन्स वाचेल, 'विकायला बंदी' बघेल आणि गप्प बसेल. निम्म्या किमतीत विकणारा मात्र विकतच राहील. म्हणजे अट लागली ती नेमकी नको त्या माणसाला. शिवाय विक्रीला बंदी असलेल्या डिझाईनला ओपन सोर्स हार्डवेअर म्हणता येत नाही. त्या नावाची जी व्याख्या सगळीकडे मानली जाते, तिच्यात विकण्याची मुभा द्यावीच लागते.

हार्डवेअरसाठी माझं मत सर्न-ओएचएलला. जिनिव्हाजवळची ती कणभौतिकीची प्रयोगशाळा, तिने आपल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी २०११ मध्ये हे लायसन्स काढलं. २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिचे एस, डब्ल्यू आणि पी असे तीन प्रकार आहेत. पी म्हणजे काहीही करा, फक्त श्रेय ठेवा. एस सगळ्यात कडक. तुमचं डिझाईन बदलून कुणी वस्तू विकली तर त्याने बदललेल्या फाइल्सही गिऱ्हाइकाला खुल्या करायच्या. डब्ल्यू मधला. तुमचा बोर्ड कुणी आपल्या मोठ्या यंत्रात बसवला तर बोर्डापुरतं खुलं ठेवायचं, बाकीचं यंत्र त्याचं त्याच्याकडे. तुमच्यासाठी एस. ईएसपी३२ च्या आतलं कुठून खुलं करू, ही काळजी नको, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांना त्यात सूट आहे. आणि एक गोष्ट मला फार आवडली. मूळ फाइल्स कुठे आहेत तो पत्ता वस्तूवर दिसलाच पाहिजे, अशी अट या लायसन्सखाली आपल्याला घालता येते. मी आता मोबाइल नंबराच्या जागी तोच छापतो, शेजारी आवृत्तीचा आकडा. बिघाडाचा फोन आला की पहिला प्रश्न, "बोर्डावर आकडा काय आहे?"

कोडचं सोपं आहे. फक्त आधी काय काय वापरलंय ते बघा. ईएसपी३२ वर आर्डुइनोच्या (हौशी लोकांत लोकप्रिय बोर्ड आणि कोडच्या) पद्धतीने लिहिलं असेल तर खालचा कोअर, म्हणजे तुमच्या कोडला आधार देणारा तयार कोड, एलजीपीएल लायसन्सखाली येतो. तुमचा कोड बंद ठेवून पेट्या विकल्यात तर गिऱ्हाइकाला कोअर बदलून पुन्हा जोडता येईल अशी सोय द्यावी लागते. कोड खुलाच करताय म्हटल्यावर तो प्रश्न मिटला. एमआयटी लावा (काहीही करा, श्रेय ठेवा) किंवा जीपीएल (बदल करून वाटलंत तर तेही खुलं ठेवा). जीपीएलची तिसरी आवृत्ती लावलीत आणि आत कुणा दुसऱ्याचा जीपीएल कोड असेल, तर चिपला सिक्युअर बूटचं कुलूप (फक्त तुमची सही असलेलाच कोड चालू देणारं) घालून, गिऱ्हाइकाला किल्ली न देता विकता येणार नाही एवढं लक्षात ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स मात्र कोडला लावू नका. ते बनवणारी संस्थाच लावू नका म्हणते.

लोकांनी पाठवलेले बदल घेताना जरा थांबा. माझ्या कंट्रोलरमध्ये टाकीतल्या प्रोबवर, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणाऱ्या काड्यांवर, सतत डीसी असायचा, त्यामुळे इलेक्ट्रोलिसिस होऊन पाच-सहा महिन्यांत त्या हिरव्या पडून झिजायच्या. जळगावच्या एका मुलाने दर सेकंदाला क्षणभरच, आणि तेही आलटूनपालटून उलट-सुलट दाबाचा पल्स देणारा कोड लिहून पाठवला. प्रोब आता दोन-दोन वर्षं टिकतात. मी आनंदाने जोडून टाकला. पुढे एका पंपवाल्या कंपनीला तोच कोड जीपीएलशिवाय, पैसे देऊन हवा होता. स्वतःचा कोड एकाला फुकट आणि दुसऱ्याला विकत असा दोन्ही प्रकारे देता येतो, पण आता तो एकट्या माझा राहिला नव्हता. त्या मुलाला फोन करून रीतसर लेखी परवानगी घेतली, पैशात वाटा दिला. तो भेटला म्हणून निभावलं. असे दहाजण असते तर सोडूनच द्यावं लागलं असतं.

नाव ही एकच गोष्ट खऱ्या अर्थाने राखता येते, आणि हौशी मंडळी नेमकी तीच मोकळी सोडतात. आर्डुइनोच्या बोर्डाची चित्रं खुली, पण नाव हा ट्रेडमार्क. म्हणून जगभरच्या प्रामाणिक नकला 'अमुकडुइनो', 'तमुकडुइनो' अशा नावांनी निघाल्या. तुमच्या क्षेत्राला जवळचं उदाहरण फ्रान्समधल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं. एमिली जिले यांची ही छोटीशी कंपनी सिंथेसायझरची मोड्यूल्स बनवायची. सर्किट बाय-एसएखाली, नंतरचा बराचसा कोड एमआयटीखाली, आणि स्पष्ट सूचना की नकलेवर आमचं नाव वापरू नका. अनेकांनी त्याच मोड्यूल्सच्या छोट्या आकाराच्या आवृत्त्या वेगळ्या नावांनी विकल्या. कंपनीने २०२२ मध्ये काम थांबवलं, तरी ती डिझाईन्स आजही बनताहेत. आपल्याकडे एकट्या व्यक्तीला ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. तुमची पेटी वाद्यांच्या १५ व्या वर्गात जाईल. मी हे फोनच्या प्रकरणानंतर केलं, तुम्ही आधी करा. पुढच्या एखाद्या पेटीचा बाह्य आकार नवा, खास असेल आणि तो राखायचा असेल, तर डिझाईन नोंदणीचा अर्ज ती विकण्याआधी आणि फोटो नेटवर टाकण्याआधी करावा लागतो. नंतर नाही.

एकदा खुलं केलेलं परत घेता येत नाही, हेही मनाशी धरा. मेकरबॉट या थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये रेप्लिकेटर २ या प्रिंटरचं डिझाईन बंद ठेवलं तेव्हा लोक चिडले, पण आधीच्या यंत्रांच्या खुल्या फाइल्स खुल्याच राहिल्या. फाइल्स पहिला लॉट विकून झाल्यावर टाकल्यात तरी चालतं, कुणी आक्षेप घेत नाही.

तुमच्या प्रश्नात ज्याचा उल्लेखच नाही ते आता विचारतो. ती रेकॉर्डिंग्ज कुणाची? ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट वेगळा आणि वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा, त्या हक्काला पन्नास वर्षं संरक्षण आहे. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवरून घेतली असतील तर तिथे प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं. काही पूर्ण मुक्त, काहींना श्रेय पुरतं, काही फक्त बिगर-व्यापारी वापरासाठी. तिसऱ्या प्रकारातली एक जरी फाइल पेटीत असेल तर आत्ता, या महिन्यात जाणाऱ्या दहा-बारा पेट्यांतच तुम्ही अट मोडताय. कुठल्या अ‍ॅपमधून उचलली असतील तर विषयच संपला. क्लासच्या गुरुजींनी तुमच्यासमोर तानपुरा छेडला आणि तुम्ही मोबाइलवर घेतलं असेल, तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून सही घ्या आणि ती रेकॉर्डिंग्ज सर्किट-कोडपासून वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या लायसन्सखाली ठेवा.

फोल्डरमध्ये नेमकं काय आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा, मग पुढचं बघू.