गुडघा कुरकुरू लागला, की आधी सीट पाहा
रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलने जाऊन आल्यापासून तुमचा गुडघा वाटीपाशी दुखतो आहे. नवख्यांमध्ये हे नेहमीचेच असून त्यामागे बहुधा खाली राहिलेली सीट आणि चढावर जड गिअर रेटण्याची सवय असते. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली असताना पाय जेमतेम सरळ होतो का, ते पाहा. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट एका वेळी ५ मिलिमीटरच वर घ्या. कंबर डुलू लागली किंवा गुडघ्यामागे ओढ बसली, तर सीट जास्त वर गेली आहे. (मी स्वतः महिनाभर तेल चोळत बसलो होतो, दोष सीटचा निघाला.) आपल्याकडचे चढ आखूड पण उभे असल्याने गिअर चढाआधीच हलका करावा.



सध्या काही दिवस विश्रांती आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा १५ मिनिटे शेक घ्या. पुढे आठवड्याचे अंतर १० टक्क्यांच्या आसपासच वाढवा. सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.