पॉवर काढून लावली की सेन्सर गप्प: पिन ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की लिनक्सच्या बोर्डावर सॉफ्ट रीबूट (पॉवर न काढता पुन्हा सुरू) केलं की सेन्सरचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारणारा सिग्नल) बरोबर येतो, पॉवर काढून लावली की येत नाही. सकाळी ठीक असतं, दुपारी बिघडतं. डिव्हाइस ट्रीत (बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) बायस-पुल-अप (आतल्या रेझिस्टरने पिन वर ओढून धरणं) टाकलं तर उलट कधीच चालत नाही. आणि चिपवाल्यांचं एकच उत्तर, आमचं पिन टूल वापरा. यातली एकेक गोष्ट आमच्या बोर्डावर घडलेली आहे.

आधीच सांगतो, तुमच्या चिपचं मॅन्युअल मी पाहिलेलं नाही आणि माझा अनुभव मोजक्या चिप घराण्यांचा आहे. तेव्हा हे दिशा म्हणून घ्या. पिनमक्स (एकाच पिनच्या अनेक कामांपैकी एक निवडणं) म्हणजे काय, ड्रायव्हर रजिस्टर कसा करायचा, हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो.

आमचा बोर्ड तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा होता, काटोलकडच्या संत्रा पॅकिंग शेडमध्ये बसवायचा. सेन्सरची अलर्ट लाइन ओपन-ड्रेन, म्हणजे सेन्सर ती फक्त खाली ओढतो, वर न्यायला पुल-अप लागतो. बोर्डावर जागा वाचवायची म्हणून बाहेरचा रेझिस्टर ठेवला नव्हता, चिपच्या आतल्या पुल-अपवर भिस्त होती. मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं की पुल-एनेबल बिट 1 केला की पुल-अप चालू. ड्रायव्हरने तेच केलं. प्रत्यक्षात त्या सिलिकॉन रिव्हिजनमध्ये (चिपच्या त्या आवृत्तीत) एका बँकेपुरता (पिनांच्या एका गटापुरता) तो बिट उलटा होता: 1 म्हणजे बंद.

आता तुमची लक्षणं याच्याशी लावून पाहा. डिव्हाइस ट्रीत बायस लिहिलाच नाही तर ड्रायव्हर त्या बिटला हात लावत नाही, आधी जो कोणी लिहून गेला त्याचंच राज्य. चिपवाल्यांच्या बंद बूटलोडरला ही भानगड ठाऊक होती आणि त्यातल्या एका वाटेत तो बिट बरोबर लिहिला जायचा. काही चिप्समध्ये पॅडचे (पिनमागच्या सर्किटचे) रजिस्टर फक्त पॉवर-ऑन रीसेटला मूळ किमतीवर येतात, वॉर्म रीसेटला (म्हणजे सॉफ्ट रीबूटला) नाही. म्हणून रीबूटनंतर चालायचं आणि पॉवर काढली की संपलं. बायस-पुल-अप टाकला की ड्रायव्हर इमानेइतबारे 1 लिहायचा आणि होता तो पुल-अपही जायचा. सकाळ-दुपारचा फरक यातूनच येतो. लाइन तरंगत असेल, म्हणजे तिला वर किंवा खाली ओढणारं काही नसेल, तर तिची पातळी लीकेजवर (झिरपणाऱ्या करंटवर) ठरते, आणि लीकेज तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं, ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश सावलीत असतात. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद डब्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. एसी लावलेल्या लॅबमध्ये हा दोष दिसणारच नाही.

हे शोधायला आमचे महिने गेले, आणि त्याला कारण पुरवठादाराचं सपोर्ट ऑफिस. नाव घेत नाही. आम्ही पॅडची मोजमापं, स्कीमॅटिकचा तुकडा, रजिस्टरचा डंप, सगळं पाठवलं. पहिलं उत्तर आलं की टूलने तयार केलेली फाइल वापरा. फाइल वापरली, तीत तोच बिट तसाच. मग सांगितलं, बोर्डाचं लेआउट तपासा. मग विचारणा, वर्षाला किती नग घेता? आकडा लहान होता, तो ऐकल्यावर उत्तरं यायची थांबली आणि तिकीट बंद झालं. एराटाचा, म्हणजे चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीचा, कागद त्यांच्याकडे तेव्हा तयार होता. तो एनडीएच्या (गुप्ततेच्या कराराच्या) आत होता आणि आम्ही सही करायला तयार असूनही आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकाला ते एनडीएच देत नव्हते. चिपमध्ये दोष असणं मी समजू शकतो, सगळ्याच चिप्समध्ये असतात. पण माहीत असलेला दोष दाबून ठेवून समोरच्याला त्याचाच बोर्ड उकरायला लावणं हे मला आजही पटत नाही. आमच्या दोन पोरांनी, चांगल्या हुशार पोरांनी, त्या काळात स्वतःच्या सोल्डरिंगवर संशय घेतला. याची भरपाई कोणी देत नाही. म्हणून सांगतो, ऑर्डर देण्याआधी एराटा लेखी मागा. मिळत नसेल तर दुसरी चिप बघा, दोन पैसे महाग पडली तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीबगएफएसमधली (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आतली माहिती दाखवणाऱ्या जागेतली) पिनकॉन्फ-पिन्सची यादी बघून निर्धास्त होऊ नका. ती यादी तुमच्याच ड्रायव्हरच्या कॉन्फिग-गेट (पिनची सेटिंग वाचून सांगणाऱ्या) फंक्शनला विचारून छापली जाते. सेट आणि गेट दोन्ही एकाच चुकीच्या तक्त्यावरून लिहिलेले असतील तर तिथे ठळकपणे पुल-अप दिसेल आणि पॅडवर काहीच नसेल. आमच्या स्क्रीनवर नेमकं हेच दिसत होतं.

त्यामुळे पॅड मोजा. सेन्सर काढा, पिन जीपीआयओ (साधा इनपुट-आउटपुट) करून इनपुटवर ठेवा, पुल-अप चालू करा. पॅडवरून ग्राउंडला 100 किलो-ओहमचा रेझिस्टर लावा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. आतला पुल-अप 50 किलो-ओहमच्या आसपास असेल आणि आयओ 3.3 व्होल्टचं असेल तर सुमारे 2.2 व्होल्ट दिसायला हवेत. शून्याजवळ आलं तर पुल-अप नाहीच. मग तोच रेझिस्टर 3.3 व्होल्टला लावून पुल-डाउन तपासा. तिथे 1.1 च्या आसपास यायला हवं, 3.3 दिसलं तर पुल-डाउन बंद आहे. नुसता मीटर लावून ‘हाय दिसतंय’ म्हणू नका, तरंगती लाइनही हाय दिसू शकते. प्रत्येक बँकेतला किमान एक पिन मोजा. रेझिस्टर नागपूरच्या सीताबर्डीत कुठेही मिळतात, पण घरी येऊन ते आधी मीटरवर तपासून घ्या.

ड्रायव्हरच्या रचनेबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत, पटत नसतील तर सोडून द्या.

हार्डवेअर जसं आहे तसंच ड्रायव्हरने मांडावं. प्रत्येक पिनला स्वतःचं मक्स फील्ड असेल तर प्रत्येक पिन हाच एक ग्रुप, क्वालकॉमच्या चिप्समध्ये असतं तसं. हार्डवेअरच गठ्ठ्याने मक्स करत असेल, एनव्हिडियाचा टेग्रा 20 करायचा तसं, तरच मोठे ग्रुप करा. एखाद्या बोर्डाच्या सोयीसाठी कृत्रिम ग्रुप बनवले की पुढच्या बोर्डाला ते नडतात.

डिव्हाइस ट्रीत हेक्स आकडे टाकू नका. पिनकंट्रोल-सिंगल या लिनक्सच्या साध्या तयार ड्रायव्हरने टीआयच्या एएम335एक्स चिपवर वर्षानुवर्षं काम झालंय आणि साध्या चिपला तो पुरतो, हे मान्य. पण त्या चिपमध्ये बिट 3 हा पुल बंद करण्यासाठी आहे, चालू करण्यासाठी नाही, आणि बिट 5 इनपुट चालू करतो. हे हेक्समध्ये कोणाच्या डोळ्याला दिसणार? जेनेरिक पिनकॉन्फ (बायस-पुल-अपसारखी ठरलेली नावं) वापरा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला शब्द वाचता येतात. जाता जाता, त्याच चिपवर एसपीआय मास्टर असताना क्लॉकच्या पिनलाही इनपुट बिट लावावा लागतो, कारण क्लॉक पॅडवरून परत आत घेतला जातो. नवीन लोक यात हमखास अडकतात.

कॉन्फिग-गेटमध्ये सरसकट शून्य परत करू नका. विचारलेला पर्याय चिपमध्ये आहे पण सध्या बंद आहे, तर माइनस ईइनव्हॅल हा एरर कोड. चिपमध्ये मुळातच नाही, तर माइनस ईनॉटसप. हा फरक न पाळल्याने डीबगएफएसची यादी कचरा होते.

स्ट्रिक्ट फ्लॅग (एकच पिन जीपीआयओ आणि दुसरं काम अशा दोघांना एकाच वेळी मिळू न देणारा) पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लावायला गेलात तर फील्डमधल्या जुन्या डिव्हाइस ट्री मोडतात. लॉकसाठी रॉ स्पिनलॉक, कारण इंटरप्टच्या वाटेनेही तेच रजिस्टर लिहिले जातात आणि रिअल-टाइम कर्नलवर साधा स्पिनलॉक तिथे चालत नाही.

तुमच्या केसमध्ये आणखी एक शक्यता आहे, ती पुल-अपच्याही आधी तपासा. डिव्हाइस ट्रीत नुसती इंटरप्टची ओळ लिहिली असेल तर जीपीआयओची रिक्वेस्ट होत नाही, म्हणजे त्या वाटेने मक्सही बदलत नाही. तुमच्या इंटरप्ट चिपच्या कोडने स्वतः मक्स लावायला हवा, नाहीतर सेन्सरच्या नोडमध्ये डिफॉल्ट स्टेट लिहायला हवी. मी दुसरा मार्ग पसंत करतो, त्यात काय चाललंय ते दिसतं. डिफॉल्ट स्टेट ड्रायव्हर कोअर प्रोबच्या (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो त्या टप्प्याच्या) आधीच लावतं.

रिले किंवा पंप असेल तर कोअर स्टेट लावताना आधी मक्स आणि मग कॉन्फिग लावतं हे लक्षात असू द्या. मधल्या क्षणात पिन कसाही असू शकतो. आउटपुट करताना आधी डेटा रजिस्टरमध्ये किंमत लिहा, मग दिशा बदला. प्रोब होईपर्यंत पिन वेगळा ठेवायचा असेल तर इनिट नावाची स्टेट त्यासाठीच आहे. तरी कर्नल येण्याआधीचे सेकंद कोणताही ड्रायव्हर सांभाळू शकत नाही, तिथे रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर बाहेरचा पुल-डाउनच लागतो.

आय-टू-सीसाठी आतल्या पुल-अपवर अजिबात विसंबू नका. 400 किलोहर्ट्झला राइज टाइम 300 नॅनोसेकंदांच्या आत हवा. बसची कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड धरली तरी रेझिस्टर साधारण साडेतीन किलो-ओहमच्या खाली लागतो. 50 किलो-ओहमने तो वेळ चार मायक्रोसेकंदांच्या वर जातो, म्हणजे 100 किलोहर्ट्झच्या 1000 नॅनोसेकंदांतही बसत नाही.

आम्ही शेवटी काय केलं तेही सांगतो. उलट्या बँकेसाठी ड्रायव्हरमध्ये बँकनिहाय फ्लॅग ठेवला आणि तो सिलिकॉन रिव्हिजनच्या कम्पॅटिबल नावाला बांधला, म्हणजे पुढच्या रिव्हिजनमध्ये दोष दुरुस्त झाला तर आपला उपाय उलटा पडत नाही. बोर्डावर वापरातल्या प्रत्येक पिनसाठी बायस स्पष्ट लिहिला, जिथे नको तिथे बायस-डिसेबल. बोर्ड झोपून (सस्पेंड होऊन) उठल्यावर पॅडच्या रजिस्टरमधल्या किमती जातात का ते तपासून रिझ्यूममध्ये परत लिहिण्याची सोय केली. आणि पुढच्या बोर्डात अलर्ट लाइनवर 10 किलो-ओहमचा रेझिस्टर बसवला.

चिपच्या पाठीवर छापलेला रिव्हिजन कोड, ती लाइन ज्या बँकेत आहे तिचं नाव, आणि वर सांगितलेल्या दोन मोजण्यांचे व्होल्टेज इथेच टाका. मोजणी थंड बोर्डावर एकदा आणि दुपारी डबा बंद करून अर्ध्या तासाने एकदा घ्या. पॉवर लावल्यावर बूटलोडरच्या प्रॉम्प्टवरच थांबून तो पॅड रजिस्टर वाचा, मग सॉफ्ट रीबूटनंतर पुन्हा वाचा. दोन्ही किमतींत कोणता बिट वेगळा आहे ते दिसलं की पुढचं मी सांगू शकेन.