सासूबाईंच्या फुफ्फुसात ९ मिलिमीटरची गाठ

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या. ओट्यावरून पडल्या, बरगडी दुखते म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला. बरगडी ठीक निघाली, पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला ९ मिलिमीटरची घन गाठ दिसली. रिपोर्टात लिहिलंय, 'कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही.' व्यसन कसलंच नाही. चुलीवरचा स्वयंपाक मात्र जन्मभर. तरुणपणी टीबी झाला होता. रिपोर्ट ऐकल्यापासून त्या धड जेवत नाहीत. दीर म्हणतात, मुंबईला नेऊन ऑपरेशनच करू. काय करावं? (एक सून, परभणी जिल्हा)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना दोन घास खाऊ घाला. ते वाक्य म्हणजे निदान नव्हे. सावली दिसली, ती कशाची हे एका स्कॅनवरून ठरत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे अशी गाठ पुष्कळदा बऱ्या झालेल्या टीबीची खूण असते. पुढे तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, साठतो. मधोमध किंवा गाठभर चुना असेल तर काळजी जवळजवळ मिटते. लाहीसारखा फुललेला चुना आणि सोबत चरबी दिसली तर ती हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ. न्यूमोनिया ओसरतानाही कर्करोगासारखी सावली दिसते आणि काही आठवड्यांत विरून जाते. रेडिओलॉजिस्टना विचारा : चुना आहे का? कड गुळगुळीत की काटेरी? काटेरी कड मला जास्त खटकते, जरी जुन्या टीबीच्या व्रणालाही ती असू शकते.

आणि घरात जुने एक्स-रे शोधा. औसा तालुक्यातल्या एका आजींच्या नातवाने लातूरला माझ्याकडे पत्र्याच्या पेटीतून फिल्म काढून आणली होती. कोपरे चिकटलेले, डांबरगोळ्यांचा वास. खिडकीच्या उजेडात धरली, तर १२ वर्षांपूर्वीचा तोच पांढरा ठिपका, तिथंच, तेवढाच. घन गाठ २ वर्षं वाढली नाही तर आम्ही ती सहसा निरुपद्रवी धरतो. इथं तर १२ झाली होती. आजींना सुई टोचावी लागली नाही.

फिल्म सापडली नाही तर? फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार ८ मिलिमीटरपेक्षा मोठ्या घन गाठीला ३ महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट स्कॅन (यात साखर जास्त खेचणाऱ्या पेशी चमकतात) किंवा बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं), यांतलं काय ते जोखीम पाहून ठरवतात. चुलीचा धूर मी जोखमीत धरतो. पेट स्कॅनमध्ये टीबीही चमकतो, म्हणून चमकलं की कर्करोग, असं समजू नका. पुढचा सीटी शक्यतो त्याच मशीनवर करा. ९ ची गाठ सव्वाअकरा झाली तर फरक डोळ्याला किरकोळ वाटतो, पण आकारमान दुप्पट झालेलं असतं. खोकल्यातून रक्त आलं किंवा वजन उतरू लागलं तर ३ महिने थांबायचं नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'टीबीच असेल' म्हणून तपासणी न करता गोळ्या सुरू करू देऊ नका. अशा गोळ्यांवर महिने घालवून आलेले रुग्ण मी पाहिलेत. काहींचा कर्करोग तेवढ्यात हाताबाहेर गेला होता.

ऑपरेशनचं आत्ताच ठरवू नका, मुंबईचीही घाई नको. जवळच्या छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना नुसता कागद नको, सीटीची सीडी न्या.